विकत घेतलेला प्रिंटर पागडीचा निघाला

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०:४०

सहकारनगरला घरीच पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. चौदा मुलं आहेत. शाळा सुरू झाल्या की माझा पहिला आठवडा नुसता छपाईत जातो. सरावाचे कागद, उजळणीचे तक्ते, कुणाच्या तरी धाकट्या भावासाठी मुळाक्षरं. त्यासाठी चार वर्षांपूर्वी लेझर प्रिंटर घेतला, पावती अजून फायलीत आहे. टोनर संपला की तपकीर गल्लीत एकाकडे काट्रिज भरून आणायचं. साडेतीनशेत काम व्हायचं. नवं घ्यायचं तर चार हजारांच्या वर.

गेल्या सोमवारी भरलेलं काट्रिज घातलं आणि प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर आलं, की हे अस्सल नाही, बदला. तेच काट्रिज, तोच प्रिंटर, तोच दुकानदार. मे महिन्यात चाललं होतं, जूनमध्ये अस्सल राहिलं नाही. काढलं, पुसलं, परत घातलं. बंद करून चालू केला. शेवटी आमच्या घरातला परंपरागत उपाय म्हणून दोन थपडाही दिल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तपकीर गल्ली गाठली. दुकानदारानं काट्रिजकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "ताई, अपडेट मारलंत का?" मी म्हटलं, मी काही मारलेलं नाही. "मग त्यानं स्वतःच मारलं. वायफायला जोडलाय ना?" मग त्यानं एक ड्रॉवर उघडला. आत गोळ्यांच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर स्केचपेननं आकडे, आणि डब्यांत करंगळीच्या नखाएवढ्या हिरव्या चिपा, प्रत्येकीवर चार सोनेरी ठिपके. माझ्या काट्रिजच्या कडेची चिप त्यानं चिमट्यानं सोडवली, डबीतली दुसरी बसवली, वर फेविक्विकचा थेंब. "चालली तर पैसे द्या."

चालली नाही.

चार हजार ही रक्कम मला लागतेच, पण खरा राग त्याचा नाही. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्याच वायफायमधून रात्रीबेरात्री कुणीतरी आत आलं, माझ्या वस्तूत फेरफार करून गेलं, आणि साधी चिठ्ठीही ठेवली नाही.

माझं आजोळ शनिवार पेठेत, पागडीच्या दोन खोल्या. आजोबांनी एकरकमी पैसे मोजले होते, तरी भिंतीत खिळा मारायचा तर मालकांच्या कानावर घालावं लागे. प्रिंटरची कथा सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तू तो पागडीनं घेतलास." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढला. तुमच्या घरात अशा पागडीच्या वस्तू किती आहेत?

कंपनीचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

निवांत_नाना | रविवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. तुमच्या मातोश्रींना दंडवत.

चिमटा_आणि_सोल्डर | रविवार, रात्री ११:३५

कुठला प्रिंटर ते विचारत नाही, पण रोग ओळखीचा आहे. पूर्वी काट्रिजवरची चिप फक्त पानं मोजायची. टोनर भरला तरी ती "संपलं" म्हणत राहायची, म्हणून रिसेट करावी लागे, बस. आता चिप आणि प्रिंटर यांच्यात सांकेतिक प्रश्नोत्तरं चालतात. प्रिंटर एक आकडा फेकतो, चिपनं पोटातल्या गुप्त किल्लीनं त्याचं उत्तर काढून परत द्यायचं. बाहेरच्या चिपा बनवणारे उत्तर शोधून काढतात, मग कंपनी अपडेटमधून प्रश्नच बदलते. तुमच्या दुकानदाराच्या डब्या हा या भांडणाचा इतिहास समजा.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण एचपीचं. २०१६ च्या १३ सप्टेंबरला जगभर लोकांचे ऑफिसजेट बाहेरची काट्रिजं नाकारायला लागले, सगळे एकाच दिवशी. गंमत म्हणजे त्या दिवशी कुणी अपडेट मारलंच नव्हतं. आधीच येऊन बसलेल्या अपडेटमध्ये तारीख पेरलेली होती. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं "नीट सांगायला हवं होतं" म्हणून माफी मागितली आणि कुलूप काढणारं फर्मवेअर (यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर) उपलब्ध करून दिलं. पद्धत मात्र सोडली नाही. तिचं नाव डायनॅमिक सिक्युरिटी. आता सिक्युरिटी कुणाची, ते नावावरून कळत नाही.

लेक्समार्कनं दुसरी तऱ्हा केली होती. काट्रिज सवलतीत देताना "एकदाच वापरा आणि आम्हालाच परत करा" अशी अट, आणि ती भरून विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा. २०१७ च्या मेमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वस्तू विकलीत तिथे तुमचा तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पण चिप काही निकालपत्र वाचत नाही.

तूर्तास प्रिंटर वायफायवरून काढा, यूएसबीनं वापरा, आपोआप अपडेट बंद करा. जुनं फर्मवेअर परत घालता येतं का ते व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बोलू.

स्पष्टवक्ता_कोथरूड | सोमवार, सकाळी ७:१०

सगळे कंपनीच्या नावानं खडे फोडतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि शाईत वसूल करायचं, हा धंदा काही लपूनछपून चाललेला नाही. घेताना स्वस्त पडला तेव्हा पेढे वाटलेत ना? मग आता रडून उपयोग काय? ज्याला शाई स्वस्त हवी त्यानं यंत्र महाग घ्यावं.

दुसरं, "माझी वस्तू, मी काहीही करीन" हे ऐकायला छान वाटतं. माझ्या वडिलांचं वय ७४. गेल्या हिवाळ्यात त्यांना ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून व्हॉट्सॅपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका म्हणजे एपीके फाइल, फोनमध्ये ॲप बसवणारी. फोननं दोनदा विचारलं, नक्की बसवू का? त्यांनी दोनदा हो म्हटलं, कारण लग्न कुणाचं ते बघायचं होतं. एक लाख ऐंशी हजार गेले. तुमचं ते स्वातंत्र्य त्यांच्या फोनमध्ये नसतं तर बरं झालं असतं.

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ९:२५

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

पण शाईचं पटलं नाही. पेढे वाटले असतील, पण दुकानात कुणी सांगितलं नव्हतं की चौथ्या वर्षी अट बदलेल. सौदा एकदा होतो. भाजीवाली जुडी दिल्यावर संध्याकाळी घरी येऊन निम्मी मेथी परत नेत नाही.

कांदा_लसूण_शिरूर | सोमवार, दुपारी २:०५

प्रिंटर आमच्याकडे नाही, ट्रॅक्टर आहेत. दोन. एक वडलांच्या वेळचा ३५ एचपीचा, दुसरा दोन वर्षांखाली घेतलेला ५५ चा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला २०२३ च्या जानेवारीपासून धुराचे नवे नियम लागले, ट्रेम फोर म्हणतात. त्यामुळे नव्यात डिझेलचं सगळं काम इलेक्ट्रॉनिक. आत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, जागोजागी सेन्सर.

नोव्हेंबरात कांदा लागणीला रान तयार करत होतो. रोटा चालू असताना मीटरवर पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्टरचा दमच गेला. दाबलं तरी उचलेना. गावातला मिस्त्री आला, बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत त्यानं बोट ठेवलं. सेन्सरची वायर पत्र्याला घासून तुटली होती. त्यानं सोलली, जोडली, वर टेप मारली. वायर जुळली, पण दिवा विझंना आणि दम येईना. तो म्हणला, दादा, माझं काम झालं. आता हे त्याच्या डोक्यातून पुसायला लॅपटॉपवाला लागंल.

लॅपटॉपवाला तिसऱ्या दिवशी आला. स्टूल घेतलं, चहा घेतला, वायर खोचली, चार बटणं दाबली, दिवा गेला. वायर ज्यानं जोडली त्याला दोनशे, दिवा ज्यानं विझवला त्याला अडीच हजार. रोपं तोवर गादीवाफ्यावर पिवळी पडली. मजुरांच्या तीन दिवसांच्या खाड्याचं वेगळंच.

जुना ट्रॅक्टर धूर लई सोडतो, पण रुसत नाही. नव्याला धुराचे नियम पाहिजेत, त्याला माझी ना नाही. दिवा विझवायचं बटण माझ्या मिस्त्रीकडं का नसावं, एवढंच विचारतोय.

चिमटा_आणि_सोल्डर | सोमवार, दुपारी ३:४०

कांदाभाऊ, सरकारी नियमात धूर मोजायला सांगितलंय. दिव्याची किल्ली मिस्त्रीला देऊ नका असं नाही सांगितलेलं. दोन्ही एकाच डब्यात बसवले की दुसरंही नियमामुळेच आलं असं वाटायला लागतं.

अमेरिकेत या भांडणाचा चेहरा जॉन डिअर आहे. (त्यांचा कारखाना तुमच्याच तालुक्यात, सणसवाडीला.) तिकडच्या शेतकऱ्यांची हीच तक्रार: पार्ट बदलला तरी डीलरच्या सॉफ्टवेअरनं मान्य केल्याशिवाय यंत्र तो पार्ट ओळखत नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं डिअरवर खटला भरला.

कांदा_लसूण_शिरूर | सोमवार, दुपारी ४:१५

माझा डिअरचा नाही, आधीच सांगतो. उगाच कुणाला नाव नको.

सध्या_पोलंडात | सोमवार, रात्री ८:५०

मूळचा औंधचा, सध्या व्रोत्सवाफला. लॅपटॉपवाल्यावरून इथली आगगाडी आठवली. नेवाग कंपनीच्या लोकल गाड्या इथल्या रेल्वेनं घेतल्या, दुरुस्तीचं कंत्राट मात्र दुसऱ्या वर्कशॉपला गेलं. त्यांनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, तरी गाडी हलेना. दोष दिसत नाही, ब्रेक ठीक, वीज ठीक, गाडी ढिम्म. शेवटी ड्रॅगन सेक्टर नावाच्या हॅकर गटातल्या तिघांना बोलावलं. त्यांनी गाडीच्या संगणकातला प्रोग्राम उलगडून वाचला, तर आत प्रतिस्पर्धी वर्कशॉपांचे जीपीएस अक्षांश-रेखांश! गाडी त्या आवारात ठरावीक दिवस उभी राहिली की स्वतःला कुलूप लावून घेणार. २०२३ च्या डिसेंबरात हे बाहेर आलं. कंपनीनं आरोप नाकारले आणि उलट हॅकरांनाच कोर्टात खेचलं.

म्हणजे नवरा माहेरी का नाही जाऊ देत याचा शोध घेतला, तर बायकोच्या चपलेत यंत्र सापडलं, तसं.

निवांत_नाना | सोमवार, रात्री ९:०२

उपमेचा णिषेध, माहितीबद्दल आभार.

गॅरेज_नाना_पेठ | सोमवार, रात्री १०:३०

नाना पेठेत सुटे भाग विकतो. गाड्यांचं हे सगळं होऊन गेलंय. पूर्वी गॅरेजवाला इंजिनाला कान लावून सांगायचा, आता स्कॅनर लावून सांगतो. पण स्कॅनर काय सांगेल ते कंपनी ठरवते. तुमचे वकील आहेत ना इथे कुणीतरी, त्यांना २०१४ ची केस विचारा.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ८:००

बोलावलंत म्हणून आलो.

ती केस भारतीय स्पर्धा आयोगापुढची. तक्रार अशी, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यात देशी-विदेशी सगळे होते. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, तो भाग रटाळ आहे, सोडतो. महत्त्वाचं असं, की "सुट्या भागांवर आमचा बौद्धिक संपदेचा हक्क आहे" ही सबब आयोगानं जशीच्या तशी मानली नाही.

आता कुलूप तोडण्याविषयी. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यानं डिजिटल कुलूप तोडणं हाच अपराध केला, चोरी करा किंवा न करा. म्हणून तिथे दर तीन वर्षांनी सवलती मागत बसावं लागतं. आयफोनचं जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून बाहेरची ॲप बसवणं, कायदेशीर ठरायला २०१० उजाडलं, तेही अशाच सवलतीनं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं, पण त्यात हक्कभंगाचा इरादा असावा लागतो. म्हणजे आपल्याकडे नुसतं कुलूप तोडलं म्हणून गुन्हा होत नाही, चोरीच्या इराद्यानं तोडलं तर होतो. पाटीपेन्सिल ताईंच्या दुकानदाराच्या चिमट्याला निदान या कलमाचं भय नसावं. (हा वकिली सल्ला नाही. सल्ल्याची फी असते.)

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली, पोर्टल काढलं. स्वतंत्र कायदा मात्र त्यातून झालेला नाही. प्रिंटर या चारांत कुठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

आणि पागडी. मातोश्रींची उपमा मला फार आवडली, पण त्यात पागडीवर अन्याय आहे. माझी निम्मी वकिली पागडीवर चालते, म्हणून सांगतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूला मन मानेल तेव्हा काढता येत नाही. कलम २९ प्रमाणे मालक सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडू शकत नाही. आणि कलम १४ बघा: मालक दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि मर्यादेत तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. शिवाय पागडी विकता येते, मालकाला हिस्सा देऊन का होईना.

आता हेच प्रिंटरला लावा. काट्रिज हे त्याचं पाणी, ते तोडलं. दुरुस्ती करू दिली नाही. ई-पुस्तक घेतलंत तर ते विकताही येत नाही. ताई, तुम्ही प्रिंटर पागडीनं घेतला असतात तर बरं झालं असतं. तुमचं फार तर लॉजिंग-बोर्डिंग आहे.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ८:४०

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, आजोबांनी १९७१ साली छपराची कौलं स्वतः बदलली होती आणि पुढचे चार महिने मालकाशी बोलणं बंद होतं. खर्च वळता करता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लिनक्सवाली | मंगळवार, दुपारी १२:२०

ई-पुस्तकांवरून: २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं, पण पैसे परत केले म्हणून कपाटात हात घालायचा का? २०२५ च्या २६ फेब्रुवारीपासून तर किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं नेण्याची सोयही काढली.

आणि योगायोग बघा, मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा) अख्खी चळवळ प्रिंटरवरूनच सुरू झाली. एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास एक लेझर प्रिंटर आला. तोही झेरॉक्सचा. कागद सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरला रिचर्ड स्टॉलमननं प्रोग्राम लिहून दिला होता, कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जायचा. नव्याचा सोर्स कोड मिळेना. कार्नेगी मेलनमध्ये एकाकडे होता, त्याच्याकडे मागितला, तर तो म्हणाला, कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय. त्या नकारातून पुढे १९८३ मध्ये स्टॉलमनचा मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प. इंग्रजीत त्याला आजतागायत समजावत बसावं लागतं, की फ्री म्हणजे फुकट नव्हे. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं, हा वादच नाही.

आमच्या सोसायटीत ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची मुदत संपली म्हणून चार लॅपटॉप भंगारात निघाले होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यांत नव्हती. बाकी तब्येत ठणठणीत. चारही मी उचलले, लिनक्स घातलं. दोन वाचनालयात, एक वॉचमनकाकांच्या मुलीकडे, चौथ्यावरून हे टंकतेय.

सेमिस्टर_सहा | मंगळवार, रात्री ११:५५

स्पष्टवक्ता काका, तुमच्या वडिलांचं वाईट झालं. पण माझंही ऐका. मी आजीसाठी एक ॲप लिहिलंय. गोळी घेतली की मोठं पिवळं बटण दाबायचं, मला आणि बाबांना मेसेज येतो. सकाळी नऊपर्यंत दाबलं नाही तर बाबा फोन करतात. जगात याचे वापरकर्ते चार. प्ले स्टोअरवर टाकलेलं नाही, टाकायचंही नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं जाहीर केलं, की पुढे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पडताळलेल्या डेव्हलपरचंच ॲप बसेल, मग ते प्ले स्टोअरवरचं असो वा नसो. आधी ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, २०२६ च्या सप्टेंबरपासून. बाकी जगात २०२७ पासून पुढे. कारण दिलं तुमच्या वडिलांसारख्यांचंच. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात थोडे मागे सरकले, जाणकारांना धोका पत्करून बसवायची वाट ठेवू म्हणाले. विद्यार्थ्यांना वेगळं खातं, यूएसबीनं संगणक जोडून बसवायला मोकळीक, हेही आहे.

ते सगळं ठीक. पण माझ्या आजीच्या फोनमध्ये काय असावं हे आजीला विचारायचं, की कॅलिफोर्नियाला?

स्पष्टवक्ता_कोथरूड | बुधवार, सकाळी ७:०५

आजीला विचारलंस तर ती लग्नपत्रिकेलाही हो म्हणेल, बाळा. माझे वडील रिटायर्ड हेडमास्तर आहेत, अडाणी नाहीत. कुलूप हवंच.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी १०:१०

कुलूप हवंच, काका. फक्त कडी आतून आहे की बाहेरून, एवढं बघू. आतून लावली तर चोर येत नाही. बाहेरून लावली तरी चोर येत नाही, पण तेव्हा आपण कोंडलेले असतो. तुमच्या वडिलांच्या फोनला तुम्ही आणि त्यांनी मिळून कडी लावलीत, "मुलाला विचारल्याशिवाय काही बसणार नाही" अशी, तर मी पहिली टाळी वाजवीन. माझ्या प्रिंटरची कडी माझ्यासाठी नव्हतीच.

स्पष्टवक्ता_कोथरूड | बुधवार, सकाळी १०:३०

मुलाला विचारल्याशिवाय बसणार नाही अशी सोय असेल तर सांगा. कुठे मिळते? मी गंभीरपणे विचारतोय.

सेमिस्टर_सहा | बुधवार, सकाळी १०:४१

काका, व्यनि केलाय. रविवारी येतो कोथरूडला.

खिळेजुळारी | बुधवार, रात्री ९:१५

चिपा आत्ता आल्या, आम्ही हे १९९५ सालीच भोगलं. नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम. मराठी सॉफ्टवेअर घेतलं की खोक्यात फ्लॉप्या आणि एक डोंगल यायचं. काडेपेटीएवढा ठोकळा. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीत. ठोकळा काढला की मराठी बंद. एकदा झाडताना टेबल सरकलं आणि त्याच्या दोन पिना वाकल्या. कंपनी म्हणाली, डोंगल वेगळं मिळत नाही, सॉफ्टवेअरच नवं घ्या. दिवाळी अंक चालू होता. शेजारच्या घड्याळजीनं भिंगाखाली पिना सरळ करून दिल्या, पैसेही घेतले नाहीत.

इथे कंपनीला शिव्या द्यायचा मोह होतो, पण आवरतो. कंपनी लहान होती. एक प्रत विकली की महिनाभरात तिच्या वीस प्रती पेठांमधून फिरायच्या. माझ्याकडचं इंग्रजी सॉफ्टवेअर कुठून आलं होतं, ते मी सांगणार नाही. तेव्हा ठोकळ्याला कारण होतं, हे मान्य.

खरं कुलूप फॉन्टमध्ये होतं, आणि ते आम्हाला तेव्हा कुलूप वाटलंच नाही. प्रत्येक कंपनीनं अक्षरं आपल्या मर्जीच्या क्रमांकांवर बसवलेली. एकाचा क तो दुसऱ्याचा अर्धा ष. भारतीय लिप्यांचं सरकारी मानक, आयएस १३१९४, १९९१ सालचं. युनिकोडमध्ये देवनागरीही त्याच वर्षी आली. पण बाजारात जो तो आपापली बाराखडी घेऊन बसलेला. फाइल त्यांच्या फॉन्टमध्ये उघडली तर मराठी, नाहीतर मुंग्यांची रांग.

गेल्या वर्षी एक लेखिका आल्या. १९९८ साली मी लावलेलं पुस्तक त्यांना पुन्हा काढायचं होतं. सीडी माझ्याकडे जपून ठेवलेली, वाचलीही गेली. कन्व्हर्टरमधून काढलं तर "कार्य"चं "कायर्", "धर्म"चं "धमर्". पहिल्या वेलांट्या एक घर पुढे पळालेल्या. दोनशे चाळीस पानं, नऊ दिवस. रोज सकाळी त्या यायच्या, मी वाचायचो, त्या मूळ पुस्तकात बोट ठेवून बसायच्या. एका पानावर मी "गर्भ"चं "गभर्" वाचलं आणि दोघंही इतके हसलो की चहा सांडला. पुस्तक त्यांचं, मेहनत माझी, आणि मधली बाराखडी कुणा तिसऱ्याची. तो तिसरा आता ते सॉफ्टवेअर विकतही नाही.

जुना पेंटियम अजून माळ्यावर आहे, उशीचा अभ्रा घालून. पाठीत ठोकळा तसाच. कुणाकडे त्या काळच्या फायली अडकल्या असतील तर सांगा, जमेल तशा सोडवतो.

लिनक्सवाली | बुधवार, रात्री ९:४०

काका, माझ्या बाबांच्या कवितांची एक फ्लॉपी आहे. व्यनि करते.

निवांत_नाना | बुधवार, रात्री ९:५८

मी उद्या सविस्तर लिहिणार होतो ते राहिलंच. आता गरज नाही.

पाटीपेन्सिल | शनिवार, दुपारी १:३०

अपडेट. (हा मीच मारलेला.)

चिमटा यांनी व्यनितून सांगितल्याप्रमाणे यूएसबी वायर लावून जुनं फर्मवेअर घालायला बसले. प्रिंटरनं ते घेतलं, अर्धा तास विचार केला आणि नम्रपणे सांगितलं, की आत याहून नवीन आहे, जुनं बसवता येणार नाही. शेवटी शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घेतला. बाटलीतून ओतायचं, काट्रिज नाही, चिप नाही. पहिल्याच दिवशी चौदा मुलांचे तक्ते छापले. निळी शाई थोडी ओट्यावर सांडली, ती निघत नाहीये.

चिमटा_आणि_सोल्डर | शनिवार, दुपारी २:१०

छान केलंत. त्या टाक्यांचीही गोष्ट आहे. आशियात ठिकठिकाणी लोक साध्या इंकजेटला बाहेरून बाटल्या लावायचे, झाकणाला भोक पाडून नळ्या आत सोडायचे. तपकीर गल्लीतही असे प्रिंटर मिळायचे, सलाइन लावल्यासारखे दिसत. कंपन्या म्हणायच्या वॉरंटी गेली. शेवटी एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर बाजारात आणला. म्हणजे तुमच्या ओट्यावर जे सांडलंय, त्याची वाट भोकं पाडणाऱ्यांनी काढलेली आहे.

खिळेजुळारी | शनिवार, दुपारी ४:४५

अभिनंदन. विरजण घालायचं नव्हतं, पण माझ्याकडे असे दोन आहेत. प्रिंटरचं डोकं (शाई फवारणारा भाग) साफ करताना वाया जाणारी शाई खाली एका गादीत मुरते. ती किती मुरली याचा आत हिशेब चालू असतो. आकडा भरला की प्रिंटर थांबतो आणि सर्व्हिस सेंटरला न्या म्हणतो. गादी धुऊन वाळवून परत घातली तरी आकडा तसाच राहतो.

पाटीपेन्सिल | शनिवार, दुपारी ४:५०

म्हणजे तपकीर गल्लीत त्याचीही डबी असेल?

खिळेजुळारी | शनिवार, दुपारी ५:०५

डबी नाही, पेनड्राइव्ह आहे. दीडशे रुपये घेतो. त्याच ड्रॉवरमध्ये, मागच्या बाजूला.